लघु फार्मसीतील कार्यावरोध : निदान आणि चिकित्सा

लहान आयुर्वेदीय फार्मसीचा चालक हा बहुधा एकाच वेळी वैद्य, औषधनिर्माता, भांडारपाल, विक्रेता आणि हिशेबनीस असतो. सकाळी रुग्णतपासणी, दुपारी निर्माणशाळा, सायंकाळी पुन्हा चिकित्सालय आणि रात्री नोंदवह्या, असा त्याचा दिनक्रम. इतके श्रम करूनही मागणीच्या वेळी हवे ते औषध फडताळात नसते आणि जे असते ते मुदतीच्या काठावर आलेले असते, ही तक्रार नाशिक परिसरातील व्यवसायबंधूंकडून वारंवार ऐकू येते. यावर आणखी दोन तास अधिक काम करणे हाच उपाय बहुतेकांना सुचतो. आमच्या मते हे केवळ लक्षणावर औषध देण्यासारखे आहे. अवरोध कोठे आहे हे पाहिल्याविना श्रम वाढविले, तर थकवा तेवढा वाढतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात स्रोतोदुष्टीचे चार प्रकार वर्णिले आहेत : अतिप्रवृत्ती, संग, सिराग्रंथी आणि विमार्गगमन. फार्मसीतही द्रव्य, वेळ आणि पैसा यांचे प्रवाह सतत वाहत असतात. त्यांच्या दुष्टीचा विचार याच चार अंगांनी केल्यास निदान सुलभ होते, म्हणून प्रस्तुत लेखात तीच मांडणी स्वीकारली आहे.

१. अतिप्रवृत्ती : कल्पांची अनावश्यक संख्या

परवान्यावर चाळीस कल्प आहेत म्हणून चाळीसही बनविलेच पाहिजेत असे नाही. प्रत्येक कल्पामागे स्वतंत्र कच्ची द्रव्ये, लेबले, बॅच नोंद आणि यंत्राची सफाई येते. समजा, पल्व्हरायझर एक आहे आणि चूर्ण बदलताना तो धुऊन, वाळवून पुन्हा सुरू करण्यास पाऊण तास लागतो. एका दिवसात सहा चूर्णे केल्यास मध्ये पाच वेळा सफाई होते, म्हणजे पावणेचार तास गेले. त्याच दिवशी दोनच चूर्णे मोठ्या प्रमाणात केल्यास पाऊण तासच जातो. कामगार तेच, यंत्र तेच, आणि तीन तास हाती उरतात.

यासाठी मागील वर्षाची विक्रीवही समोर घ्यावी आणि ज्यांवर फार्मसीचा खरा निर्वाह चालतो असे दहा-बारा कल्प निवडावेत. उरलेल्यांपैकी आपल्या चिकित्सेस आवश्यक असे कल्प विश्वासू फार्मसीकडून तयार घ्यावेत. दळणाचा क्रमही ठरलेला असावा : सौम्य गंधाची व फिक्या वर्णाची द्रव्ये आधी, उग्रगंधी शेवटी. हिंग्वाष्टकानंतर सितोपलादि घेणाऱ्यास सफाईचा वेळ दुप्पट मोजावा लागतो.

२. संग : एका ठिकाणी अडलेले काम

आपल्या भागात संगाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ऋतू. जून ते सप्टेंबर या काळात वाळवण होत नाही, वट्या ओल्या राहतात, खडीसाखरयुक्त चूर्णांच्या गाठी होतात. हिवाळ्यात नाशिक-निफाड पट्ट्यातील पारा इतका उतरतो की आसवारिष्टांचे संधान लांबते आणि पात्रे अडकून पडतात. हे दरवर्षी घडते, तरी ते आकस्मिक संकट समजून धावपळ केली जाते.

याचे उत्तर वार्षिक निर्मितिपत्रक हे आहे. आवळा हिवाळ्यात मिळतो, तेव्हा च्यवनप्राशाचे काम तेव्हाच पूर्ण करावे. धायटीची फुले उन्हाळ्याच्या आरंभी मिळतात, ती वाळवून संधानासाठी राखावीत. भरड, दळण, वट्या आणि गुग्गुळ कल्प यांचा मोठा भाग फेब्रुवारी ते मे या काळात उरकावा. पावसाळ्यासाठी सूर्यप्रकाशावर न अवलंबणारी कामे ठेवावीत : तैलपाक, घृतपाक, तयार आसवांचे गाळण व भरण, लेबलांची छपाई, यंत्रदुरुस्ती. सिंहस्थाचे वर्ष असल्यास (यापूर्वीचे २००३ व २०१५) पर्वकाळात पंचवटी व त्र्यंबकेश्वर परिसरातील वाहतुकीवर निर्बंध येतात, म्हणून काच, बाटल्या व कच्च्या मालाची आवक आधीच करून ठेवणे इष्ट.

दुसरा संग मनुष्यनिर्मित असतो. प्रत्येक वजन, प्रत्येक पाकपरीक्षा चालकाच्याच हातून व्हायची असा दंडक असला की तो चिकित्सालयात असेपर्यंत कढई थांबते. औषध व सौंदर्यप्रसाधन नियम, १९४५ मधील नियम १५७ नुसार निर्मितीवर पात्र, पूर्णवेळ तांत्रिक व्यक्तीची देखरेख अपेक्षित आहे. दिवसभर रुग्ण पाहणारा वैद्य ही भूमिका कशी निभावणार? तेव्हा एखादा आयुर्वेद पदवीधर नेमून त्याच्यावर खरोखरच जबाबदारी सोपविणे, हे कायद्याचे पालन आहे आणि अवरोधाचा परिहारही.

३. सिराग्रंथी : साठा आणि उधारी

शार्ङ्गधराचार्यांनी औषधांच्या वीर्यहानीचा काळ सांगितला आहे. त्यांच्या मते चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटिका व लेह वर्षानंतर, तर आसव, धातू व रस जुने झाल्याने अधिक गुणवान होतात. कायद्याने चूर्णास दिलेली मुदत याहून बरीच मोठी आहे. परंतु साठ्याचे नियोजन करताना आचार्यांचा क्रम आजही मार्गदर्शक ठरतो. भरड कोरडी व बंद ठेवून, चूर्ण मागणीप्रमाणे लहान बॅचमध्ये करावे. वर्षभराचा साठा करायचाच असेल तर तो आसवारिष्टांचा व भस्मांचा करावा. अनेक ठिकाणी नेमके उलट दिसते : चूर्णांनी पिंपे भरलेली आणि अरिष्ट संपलेले.

दुसरी ग्रंथी उधारीची. विक्रेत्यांकडे पाच-सहा महिने पैसे अडकले की हिरडा-बेहडा हंगामात स्वस्त असताना घेता येत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे देणे लेखी करार नसल्यास पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. विलंबास बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. २०२० पासून ही नोंदणी ‘उद्यम’ या नावाने होते. व्याज मागण्याची वेळ सहसा येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक व ही मुदत छापली तरी मागणी करण्यातील संकोच कमी होतो.

४. विमार्गगमन : वेळेचा चुकीचा मार्ग

शासनाने २००० मध्ये अनुसूची ‘टी’ अन्वये उत्तम निर्मिती पद्धती लागू केल्यापासून किमान १२०० चौरस फूट बांधीव जागा, स्वतंत्र विभाग आणि नोंदवह्या बंधनकारक झाल्या. ‘निम्मा वेळ कागदात जातो’ ही तक्रार तेव्हापासूनची. नोंद कामाच्या जागी व कामाच्या वेळी केल्यास तिला फार थोडा वेळ लागतो. तपासणीच्या आदल्या रात्री महिन्याच्या नोंदी आठवून लिहिण्यात मात्र दिवस जातात, आणि त्या विश्वसनीयही नसतात.

येथे एक विचार स्पष्टपणे मांडणे आम्हास आवश्यक वाटते. जो वैद्य केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवितो आणि बाजारात विकत नाही, त्यास कायद्याने निर्मिती परवान्यातून व अनुसूची ‘टी’ मधून सूट दिलेली आहे. ज्यांचा पिंड चिकित्सकाचा आहे, त्यांनी बाजारासाठी निर्मितीचा पसारा मांडावा काय, याचा निर्णय शांतपणे करावा. मर्यादित निर्मिती करणे यात कमीपणा नाही. ज्यांना फार्मसीच चालवायची आहे, त्यांनी निर्मितीचे दिवस व तपासणीचे दिवस वेगळे करावेत. निर्मितीच्या दिवशी प्रतिनिधींच्या भेटी व दूरध्वनी यांसाठी एकच तास राखावा.

आरंभ कोठून करावा?

चारही अंगांवर एकदम उपाय करू नयेत. एक महिना साधी वही ठेवावी व तीत रोज एवढेच लिहावे : काम कोठे थांबले, किती वेळ थांबले, कशामुळे थांबले. महिनाअखेर बेरीज केल्यावर प्रबळ दोष आपोआप दिसेल. प्रथम त्याचीच चिकित्सा करावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षण करावे.

लहान फार्मसी बंद पडते, तेव्हा परिसरातील वैद्यांचा एक पुरवठादार जातो, आणि त्याबरोबर कोणते द्रव्य कोणत्या डोंगरावरून, कोणत्या महिन्यात आले हे सांगू शकणारा माणूसही जातो. मोठ्या कारखान्याच्या वेष्टनावर ही माहिती मिळत नाही. ती टिकवायची असेल, तर या माणसाचे श्रम योग्य मार्गाने वाहिले पाहिजेत.