त्रिपुरी पौर्णिमेचे दीपदान

कार्तिक शुद्ध पौर्णिमा महाराष्ट्रात त्रिपुरी पौर्णिमा व काशीक्षेत्रात देवदीपावली या नावाने प्रसिद्ध आहे. तारकासुराच्या तीन पुत्रांची तिन्ही पुरे भगवान शंकरांनी एकाच बाणाने दग्ध केली, आणि देवांनी दीप उजळून तो विजय साजरा केला, अशी कथा आहे.

काशीचा ब्रह्माघाट अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांनी बांधविला. जवळच पंचगंगाघाटावर पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांचा 'हजारा' दीपस्तंभ उभा आहे. त्याच घाटावरून १९८५ साली देवदीपावलीच्या आजच्या सार्वजनिक उत्सवास आरंभ झाला. आता या रात्री ब्रह्माघाटासह सर्व घाटांच्या पायऱ्या पणत्यांनी उजळून निघतात. पण घाट शोभिवंत दिसावा, एवढाच या दीपांचा हेतू आहे काय?

पैठणहून काशीस आलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ साली 'निर्णयसिंधु' हा ग्रंथ रचला. या पौर्णिमेस सायंकाळी देवालयात दीप अर्पण करताना म्हणावयाचा मंत्र त्यात दिला आहे. कर्त्याने स्वतःसाठी काही मागावे, असे त्या मंत्रात नाही. किडे, पतंग, डास, वृक्ष, जळी-स्थळी वावरणारे जीव आणि समाजाने दूर ठेवलेला श्वपचदेखील, हा दीप पाहून जन्मबंधनातून सुटोत, असा त्याचा आशय आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात, जो उलट उपकार करू शकत नाही त्याला कर्तव्यबुद्धीने, योग्य देशी, काळी व पात्री दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे. डास वा वृक्ष दात्याची कोणती परतफेड करणार? पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, श्वान व श्वपाक यांच्या ठायी समदृष्टी सांगितली आहे. तीच दृष्टी गृहस्थाने एका पणतीच्या रूपाने आचरणात आणावी, अशी ही योजना आहे.

म्हणून या दिवशी सायंकाळी शुचिर्भूत होऊन शिवालयात किंवा घरच्या देवापुढे तुपाचा अथवा तेलाचा दीप लावावा. दुसरा दीप वाटसरूंना दिसेल असा दाराबाहेर ठेवावा. नदीत दीप सोडावयाचा तर तो पानांच्या द्रोणातच सोडावा. ज्या जलचरांच्या कल्याणासाठी मंत्र म्हणावयाचा, त्यांनाच अपाय करणारे प्लास्टिक प्रवाहात टाकले, तर तो मंत्र केवळ जिभेवर राहिला असे होईल. दीपांची संख्या ऐपतीप्रमाणे असावी. प्रतिष्ठेसाठी लावलेल्या सहस्र दीपांहून निरपेक्ष बुद्धीने लावलेला एक दीप अधिक सात्त्विक होय.