दिवा गेला आणि पिले गारठली

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि आसपासच्या भागाची वीज एकाएकी गेली. कळवा आणि पडघे यांना जोडणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्यांशी निगडित बिघाडातून हा प्रकार घडला होता. लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि सर्वत्र वीज पूर्ववत होण्यास कित्येक तास लागले. दिवस उकाड्याचे होते, त्यामुळे बहुतेकांना आठवण झाली ती पंख्याची. पण समजा, हीच वीज जानेवारीतल्या एखाद्या रात्री दोन वाजता गेली असती तर?

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठेसे! आपल्याकडे घरे विजेवर गरम करीत नाहीत. ठाण्याला किंवा डोंबिवलीला वीज गेली म्हणून घर गार पडत नाही. गोधडी ओढून घ्यावी आणि झोपावे. हे खरे आहे. परंतु आपल्या आसपास असे काही जीव असतात, की ज्यांची ऊब आपण तारेतून आणलेली असते. काचेच्या टाकीतले उष्ण प्रदेशातील मासे, दिव्याखाली ठेवलेली कोंबडीची पिले, आईविना सापडलेले कुत्र्याचे पिल्लू. दिवा विझला की यांची थंडीशी गाठ पडते. आणि आपली थंडी अगदीच नावापुरती आहे असेही समजू नका. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांवर उतरला होता. समुद्रापासून कल्याण-बदलापूरच्या बाजूला आत जावे, तसतसा समुद्राचा समशीतोष्ण प्रभाव कमी होतो आणि पहाट अधिक गार होते.

आता एक प्रश्न. थंडीने गारठून निपचित पडलेले कासव तुम्हांला मिळाले. तुम्ही त्याला जाड गोधडीत गुंडाळून ठेवलेत. तासाभराने ते ऊबदार झालेले असेल काय?

बहुतेक जण ‘हो’ म्हणतील, आणि तेथेच फसतील. बर्फवाला बर्फाची लादी कशात ठेवतो ते आठवा. लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात! गोणपाट ऊब देणारे असते, तर बर्फ वितळून गेला असता. गोधडी काय किंवा गोणपाट काय, त्यांच्या धाग्यांत हवा अडकून पडते. स्थिर हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. म्हणून ती उष्णतेची ये-जा रोखते, पण स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. आपण गोधडीत उबदार होतो, कारण आपले शरीर ही एक भट्टी आहे. स्वस्थ बसलेला मोठा माणूस दर सेकंदाला साधारण ८० ते १०० ज्यूल उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जवळजवळ १०० वॉटच्या एका दिव्याइतकी. कासवाच्या शरीरात अशी भट्टी नाही. त्याचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. (पुस्तकांत अशा प्राण्यांना ‘शीतरक्ताचे’ म्हणतात, पण हा शब्द फसवा आहे, दुपारच्या उन्हात बसलेल्या सरड्याचे रक्त चांगले गरम असते.) गारठलेल्या कासवाला नुसते गुंडाळणे म्हणजे त्याचा गारठाच जपून ठेवणे होय. त्याला आधी उबदार खोलीत हळूहळू ऊब मिळाली पाहिजे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात कडाक्याच्या थंडीत वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा समुद्रातली हजारो कासवे अशीच गारठून किनाऱ्याला लागली. लोकांनी ती गाड्यांत भरून आणली आणि एका मोठ्या सभागृहात जमिनीवर ओळीने मांडून ठेवली. त्यांना जी गोष्ट हवी होती ती पांघरूण नव्हे, तर गारठा नसलेली हवा.

कोंबडीच्या पिलांची गोष्ट थोडी निराळी. ती उष्ण रक्ताची खरी, पण एका दिवसाच्या पिलाचे वजन जेमतेम ४० ग्रॅम, अंगावर पिसे नाहीत, नुसती लव. पहिल्या आठवड्यात त्यांना ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करीत नेतात. लहान जीव लवकर का गारठतो याचे उत्तर भूमितीत आहे. १ सेंटिमीटर बाजूचे ८ ठोकळे घ्या. प्रत्येकाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे सर्वांचे मिळून ४८. आता तेच ठोकळे जुळवून २ सेंटिमीटर बाजूचा एक मोठा ठोकळा करा. घनफळ तेवढेच राहिले, पण पृष्ठफळ २४ झाले, बरोबर निम्मे! उष्णता निर्माण होते ती शरीराच्या घनफळात आणि निसटते ती पृष्ठभागातून. म्हणून पिले गारठली की एकमेकांना चिकटतात. ही त्यांची युक्ती बरोबरच आहे, परंतु फार गारठली तर ती एकमेकांवर चढतात आणि तळाची पिले गुदमरतात. वीज गेलेल्या रात्री पिले मरतात ती अनेकदा अशी, थेट थंडीने नव्हे. म्हणून पिले पाळणारा माणूस तापमापक पाहण्याआधी पिलांकडे पाहतो. ती दिव्याखाली दाटली असली तर ऊब कमी, दिव्यापासून दूर पांगली असली तर जास्त, सारखी पसरली असली तर बेताची.

जाता जाता एक सांगतो. पूर्वी पिलांच्या खोक्यावर जो तारेचा पिवळा दिवा लावीत, त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाई. आता घरोघरी आलेला ९ वॉटचा एल.ई.डी. दिवा प्रकाश तेवढाच देतो, पण ऊब फारच थोडी. तो लावून पिले उबेत आहेत असे मानणाऱ्याची वीज न जाताच गेलेली असते!

मग वीज खरोखरच गेली तर काय करावे? पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, शक्य तेवढे लहान, कारण तापवायची हवा जितकी थोडी तितके बरे. तळाशी वर्तमानपत्राच्या घड्या आणि भाताचे तूस किंवा गोणपाट घालावे. हा थर महत्त्वाचा आहे, कारण गार लादी वहनाने पोटाखालची उष्णता सतत ओढून घेते. हिवाळ्यात जिन्याखाली व्यालेल्या कुत्रीच्या पिलांना आपण वरून फडके पांघरतो आणि खालची शहाबादी फरशी तशीच ठेवतो, हे अगदी उलटे झाले. मग हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका कडेला ठेवावी. एकाच कडेला, म्हणजे फार गरम झाले तर पिलाला दूर सरकता येते.

अशा बाटलीत उष्णता किती असते? १ लिटर पाणी ४५ अंशांवरून ३५ अंशांवर आले, तर १०,००० उष्मांक म्हणजे सुमारे ४२,००० ज्यूल उष्णता बाहेर पडते. ४० वॉटच्या दिव्याला तेवढ्यासाठी साडेसतरा मिनिटे जळावे लागेल. पाण्याची विशिष्ट उष्णता मोठी असल्याचा हा फायदा. मात्र बाटली पिलापेक्षा गार झाली की ती उलट पिलाचीच ऊब ओढू लागते. तेव्हा ती ताबडतोब बदलावी, नाहीतर काढून टाकावी.

कुत्र्याच्या नवजात पिलाला पहिल्या आठवड्यात कुडकुडताही येत नाही. ते गार लागले तर दया येऊन आपण आधी दूध पाजायला धावतो. तसे करू नका. गारठलेल्या पिलाची आतडी नीट चालत नाहीत आणि दूध श्वासनलिकेत जाण्याचीही भीती असते. आधी ऊब, मग दूध.

माशांच्या टाकीचे गणित मला सर्वांत आवडते. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशा टाकीत सुमारे ५० लिटर पाणी बसते. खोली १८ अंशांवर आहे, पाणी २६ अंशांवर, आणि ते तसे राखायला सरासरी ५० वॉट वीज लागते असे धरू. याचा अर्थ टाकी दर सेकंदाला ५० ज्यूल गमावीत आहे. पाणी १ अंशाने उतरायला २,१०,००० ज्यूल गेले पाहिजेत. भागाकार करा, ४,२०० सेकंद, म्हणजे ७० मिनिटे. पुढे पाणी आणि खोली यांतील फरक घटत जातो तसा हा वेगही मंदावतो. न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम तो हाच. चार तासांनंतरही पाणी २३ अंशांच्या आसपास असेल. तेव्हा घाबरून टाकीत कढत पाणी ओतणारा माणूस थंडीपेक्षा अधिक नुकसान करतो. टाकीच्या बाजूंना पांघरूण गुंडाळणे पुरे. खरी चिंता हवेच्या पंपाची. तो बंद पडला की दाटीने मासे असलेल्या टाकीत विरघळलेला ऑक्सिजन कमी होऊ लागतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले, तर तांब्याने टाकीतलेच पाणी काढून थोड्या उंचीवरून हळूहळू पुन्हा ओतत राहा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे वळू. ऊब हवी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवू नका. अपुऱ्या हवेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेपट अधिक घट्टपणे जोडला जातो, आणि मग रक्त भरपूर असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तर यातले काहीच कळत नाही. टेक्सासमध्ये त्या आठवड्यात घरात कोळसा पेटवल्याने आणि जनित्रे व मोटारी चालू ठेवल्याने माणसे मेली. हा वायू हवेपेक्षा किंचित हलकाच आहे, म्हणून ‘तो खाली बसतो, आपण खाटेवर आहोत’ असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. पिंजऱ्यातले पक्षी त्याला माणसाच्या आधी बळी पडतात. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी याच कामासाठी नेत असत. ती प्रथा १९८६ मध्ये बंद झाली. तुमच्या घरी लव्हबर्डचा पिंजरा असेल, तर त्याच्यावर चादर टाकावी, तो खिडकीपासून दूर आतल्या खोलीत न्यावा, आणि शेगडीपासून त्याहून दूर ठेवावा.

आतली खोली का, तर तिच्या भिंतींची पाठ बाहेरच्या गारव्याला नसते. घरातली चार माणसे तिथे झोपली, तर त्यांचीच जवळजवळ तीनशे वॉट ऊब खोलीला मिळते. पत्र्याच्या चाळीत मात्र अडचण वरून येते. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे प्रारणाने उष्णता फेकतो आणि बाहेरच्या हवेहूनही गार होतो. पहाटे त्यावर दव जमते ते उगाच नव्हे. पत्र्याखाली वीतभर अंतरावर चटई किंवा जुनी साडी ताणून बांधली, तर मध्ये हवेचा थर सापडतो.

शिक्षकांनी वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग देतो. एकसारख्या सहा लहान बाटल्या घ्या आणि त्यांत एकाच भांड्यातले ६० अंशांचे पाणी भरा. एक उघडी ठेवा, एक वर्तमानपत्राच्या आठ घड्यांत गुंडाळा, उरलेल्या चार एकमेकींना दोऱ्याने बांधून उभ्या करा. दर दहा मिनिटांनी तिन्ही ठिकाणचे तापमान मोजा आणि एकाच आलेखकागदावर तीन रेघा काढा. बांधलेल्या चारांपैकी कोणत्याही एका बाटलीत तापमापक घातला तरी चालेल, पण दर वेळी त्याच बाटलीत घाला आणि वाचन करण्याआधी पाणी ढवळायला विसरू नका.