हवेच्या बॅगा लावल्या म्हणून वजन वाढवता येतं का?

प्रश्न : पिकअपच्या हौद्यात झोपायची केबिन बसवून घरच्यांसोबत फिरायचा विचार आहे. मागचे पाटे फार दबतात. गॅरेजवाले म्हणतात, हवेच्या बॅगा टाका, मग कितीही वजन घाला. हे खरं का?
– एक वाचक, राजूर

उत्तर : नाही. बॅगा उपयोगी आहेत, पण त्या दबलेला मागचा भाग उचलून धरतात, एवढंच. एक्सल, चासी, टायर, ब्रेक तेच राहतात आणि आरसीवरची एकूण वजनाची मर्यादाही तीच.

आधी केबिन, सामान, भरलेली पाण्याची टाकी आणि माणसं घेऊन वजनकाट्यावर जा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, हे हमखास विसरतं. मागची चाकं तेवढी काट्यावर घेऊन तिथला भारही वेगळा पाहा. वजन मर्यादेत असेल तर बॅगा खुशाल लावा, मात्र दोन्ही बाजूंच्या हवेच्या नळ्या वेगळ्या ठेवा. एकत्र जोडल्या तर वळणावर दबलेल्या बॅगेतली हवा दुसरीत जाते आणि गाडी जास्तच कलते. भंडारदऱ्याच्या वळणांवर उंच केबिनला ते धोक्याचं. बॅग सायलेन्सरपासून लांब हवी.

वजन जास्त भरलं तर केबिनच हलकी करून घ्या. गाडीत कायमचा बदल करायचा असेल, तर आधी आरटीओची मंजुरी घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार ती लागते.