उद्योजकतेचे शिक्षण आणि आपली सामाजिक शास्त्रे

उद्योजकता हा वाणिज्य शाखेचा विषय. कला शाखेच्या विद्यार्थ्याला त्याच्याशी काय कर्तव्य, असे सहज म्हटले जाते. वस्तुतः या विषयाचा बराचसा पाया सामाजिक शास्त्रांनीच घातला. मॅक्स वेबरने भांडवलशाहीची मुळे धर्माचरणात शोधली. डेव्हिड मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली आपल्या ग्रंथात संपादन-प्रेरणेचा संबंध आर्थिक विकासाशी जोडला आणि पुढे आंध्रातील काकीनाडा येथे छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन तो पडताळून पाहिला. आपल्या राज्यात १९८८ पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे.

परंतु प्रेरणा जागी झाली की उद्योग उभा राहतो काय? भाटघर धरण आपल्या भोर तालुक्यात. पाणी मात्र नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते. तिकडे ऊस झाला, साखर कारखाने झाले. आपल्या गावांनी जमिनी दिल्या. वेल्ह्यात (आता राजगड तालुका) पानशेतचीही तीच कथा, पाणी पुण्याला. मग तिकडच्या माणसात प्रेरणा अधिक आणि आपल्यात कमी, असे म्हणायचे काय? येथे मॅक्लेलंडला सोडून भूगोल आणि इतिहासाकडे वळावे लागते.

दुसरे उदाहरण घरचे आहे. माझ्या मामांनी गावात किराणा दुकान घातले, ते तीन वर्षांत बंद पडले. पुस्तक सांगते, उधारी देऊ नका. पण भावकीत दहावा आहे आणि पोर साखर-चहापूड मागायला आले, तर त्याला 'आज रोख, उद्या उधार'ची पाटी दाखवायची? मामांनी दाखवली नाही. गावाच्या लेखी ते माणुसकीला जागले. बँकेच्या लेखी थकबाकीदार ठरले. यात चूक कोणाची, हे हिशेबशास्त्र सांगू शकत नाही.

गंमत अशी की, ज्या भावकीने दुकान बुडविले तीच बचतगटात तारण ठरते. मामीच्या गटातील बायका एकमेकींची घरे ओळखतात, म्हणून हप्ता चुकत नाही. नाते कोठे भांडवल होते आणि कोठे ओझे, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. आणि कर्जाला सातबारा लागतो, त्यावर त्यांच्यापैकी कितीजणींचे नाव आहे, हा राज्यशास्त्राचा.

म्हणून उद्योजकतेच्या तासाला यशस्वी उद्योगपतींची चरित्रे जरूर सांगावीत. पण पुढील वर्षी प्रकल्पासाठी आपल्या दोन तालुक्यांतील बंद पडलेल्या दुकानांची पाहणी आम्हांला करू द्यावी, अशी प्राध्यापकांना विनंती आहे. मामांची उधारीची वही मी मागून ठेवली आहे.