तिसरी पिन : ध्वनिवर्धकाचा वीजपुरवठा आणि संरक्षण

शाळेचे स्नेहसंमेलन असो, गावातील जयंती असो की पटांगणातील व्याख्यान, ध्वनिवर्धकावाचून आता सभा भरत नाही. हे यंत्र जोडणारे आणि माइक हातात धरून उभे राहणारे आपल्यापैकीच असतात. पुष्कळदा वसतिगृहातील विद्यार्थीही असतात. म्हणून या यंत्राच्या मागील, म्हणजे विजेच्या, बाजूचा थोडा अभ्यास येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

अ‍ॅम्प्लिफायर आवाज मोठा करतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः माइककडून आलेल्या क्षीण संकेताबरहुकूम तो भिंतीतील वीज मोजूनमापून स्पीकरकडे सोडतो. त्यामुळे त्याची खरी ताकद वीजपुरवठ्यात असते. ८ ओहमच्या स्पीकरला २५० वॅट द्यायचे तर सुमारे ४५ व्होल्ट लागतात, आणि लहरीच्या शिखरावर ६३. यासाठी ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा दाब उतरवतो, डायोड प्रवाहाची दिशा एक करतात आणि कपॅसिटर अधिक ७० व उणे ७० व्होल्टचा साठा करून ठेवतात. कपॅसिटर म्हणजे जणू पाण्याचा रांजण. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून हा रांजण सेकंदाला १०० वेळा भरतो. मधल्या शतांश सेकंदाची गरज साठ्यातून भागते. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून ८ अँपिअर ओढले, तर तेवढ्यात दाब ८ व्होल्टने उतरतो. ढोलाचा जोरकस ठोका फाटका ऐकू आला की लोक स्पीकरला दोष देतात. दोष अनेकदा या रांजणाचा, किंवा मंडपापर्यंत ओढलेल्या लांब, बारीक वायरीचा असतो.

रिकामा रांजण यंत्र सुरू करतानाही छळतो. बटण दाबताच रिकामे कपॅसिटर जवळजवळ शॉर्टसर्किटसारखे वागतात आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा क्षणभर चुंबकत्वाने तुडुंब भरतो. हा लोंढा रोखण्यासाठी चांगल्या यंत्रात वाटेत एक रोधक बसवलेला असतो. क्षणार्धात रिले त्याला बाजूला सारतो. फ्यूजही याच कारणाने सावकाश वितळणारा, 'टी' अक्षराचा असतो. तो उडाला तर त्याच जातीचा, त्याच आकड्याचा बसवावा. दुसराही उडाला तर बिघाड आत आहे. तांब्याची तार गुंडाळून कार्यक्रम निभावून नेणे म्हणजे आगीला आमंत्रण.

गावाकडे आणखी एक संकट ठाऊक असावे. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल तुटली, तर कमी भाराच्या फेजवरील दाब ४०० व्होल्टच्या जवळ चढू शकतो. फ्यूजनंतर जोडलेला व्हॅरिस्टर अशा वेळी स्वतः प्रवाह खेचून फ्यूज उडवतो आणि पुढील यंत्र वाचते.

यंत्र वाचते; माणसाचे काय? ५ अँपिअरच्या फ्यूजला ५ अँपिअरपर्यंत काहीच खुपत नाही. माणसाच्या छातीतून मात्र ३० मिलिअँपिअर, म्हणजे त्याच्या दीडशेव्या भागाहूनही कमी, प्रवाह काही क्षण वाहिला तरी जिवावर बेतू शकते. येथे कामाला येते ती प्लगाची तिसरी, जाड पिन. ती इतर दोघींपेक्षा लांब असते, कारण अर्थ आधी जोडला जावा आणि शेवटी सुटावा. आतील फेज सुटून पत्र्याच्या पेटीला टेकली, तर अर्थमधून मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. अर्थच नसेल, तर पेटी २३० व्होल्टवर बसून राहते. तेथून केबलच्या जाळीवाटे ती वीज माइकच्या धातूपर्यंत पोहोचते, आणि वक्ता ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असतो.

तरीही ही पिन सर्रास काढली जाते. निमित्त असते स्पीकरमधील 'घूं' आवाजाचे. मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन दूरच्या सॉकेटांवर असले की दोन अर्थ आणि केबलची जाळी मिळून एक वेटोळे तयार होते व त्यातून ही गुणगुण शिरते. पिन काढली की ती थांबते, म्हणून साउंडवाल्याला आपण कारागिरी केली असे वाटते. आमच्या मते ही कारागिरी नव्हे, जुगार आहे. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत, तीन तारांची बॅलन्स्ड केबल वापरावी. तेवढ्याने न भागल्यास संकेताच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. विजेच्या अर्थला हात लावू नये.

हलक्या, नव्या स्विचमोड यंत्रांना हे अधिकच लागू आहे. त्यांच्या गाळणीतील छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून पेटीला जोडलेले असतात. अर्थ सुटला की पेटी निम्म्या दाबावर तरंगते. स्पर्शाला चणचण लागते. ही चणचण "थोडा करंट येतोच" म्हणून सोडून द्यायची नसते. ती अर्थ तुटल्याची खूण होय.

मंडपाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अवश्य असावा. त्यावरील चाचणीचे बटण दाबताच तो पडला पाहिजे. मात्र ते बटण अर्थविनाही चालते. त्यावरून अर्थिंग ठीक असल्याचे ठरत नाही. अर्थिंग जाणत्या वायरमनकडून वेगळे तपासून घ्यावे, तेही मंडप उभारतानाच, दिवसाउजेडी.