४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येची तपासणी



बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट आपण ऐकली असेलच. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत गेल्यास तेहतिसाव्या घरात २ चा ३२ वा घात इतके दाणे येतात. त्यात एक मिळविला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या तयार होते. ती मूळ संख्या आहे काय? म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही तिला पूर्ण भाग जात नाही काय?

फ्रान्समधील थोर गणिती फर्मा यांचे १६४० साली तसे मत होते. २ चे १, २, ४, ८ व १६ हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळविल्यास ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या मिळतात. पाचही मूळ आहेत. तेव्हा पुढच्याही सर्व मूळच असणार, असे त्यांना वाटले. आपल्याजवळ सिद्धता नाही हे मात्र त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते.

सरळ तपासायचे तर ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. एवढा खटाटोप कोण करणार! शेवटी १७३२ साली पंचविशीतल्या ऑयलर यांनी दाखवून दिले की या संख्येला ६४१ ने भाग जातो.

आपणही पडताळून पाहू. साध्या आठ आकडी कॅल्क्युलेटरवर ही संख्या मावत नाही, म्हणून कागदच घ्या. २ चा १६ वा घात ६५,५३६. त्याला ६४१ ने भागल्यास भागाकार १०२ व बाकी १५४. आपल्याला हवा ३२ वा घात, म्हणजे ६५,५३६ चा वर्ग. संख्येऐवजी बाकीचा वर्ग केला तरी ६४१ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीत फरक पडत नाही. १५४ चा वर्ग २३,७१६. त्यात १ मिळवा, २३,७१७. आणि ६४१ × ३७ = २३,७१७! बाकी शून्य. दुसरा अवयव ६७,००,४१७ असून तो स्वतः मूळ आहे.

पण ६४१ च कसा सापडावा? ऑयलर यांनी पुढे सिद्ध केले की या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरते. (सिद्धता वरच्या वर्गात शिकाल.) अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे ६,५४२ नव्हे, पाचव्याच प्रयत्नात उत्तर! फर्मांनी हे पाच भागाकार केले असते तर?

त्यानंतर या मालिकेतील एकही नवी मूळ संख्या सापडलेली नाही. २ चा ६४ वा, १२८ वा असे करीत पुढच्या सत्तावीस संख्या संयुक्तच ठरल्या. त्यांच्या पुढची संख्या अडीच अब्जांहून अधिक अंकांची आहे. ती मूळ की संयुक्त, याचा निर्णय अद्याप झालेला नाही.