एकच प्रश्न विचार

अगं, आधी बस. माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढायच्या म्हणतेस, छान आहे. पडदे, चादरी तू माझ्यापेक्षा चांगल्या निवडशील. मी सांगते ते माझ्या हातून चुकलेलं.

आपलं नेर काही महाबळेश्वर नाही. वाघ पाहणारे टिपेश्वरला जातात, पार पांढरकवड्याकडे. आपल्याकडे उतरतो तो अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचा माणूस. कोणी बँकेच्या तपासणीला आलेला, कोणी कापसाच्या हंगामातला व्यापारी, कधी कारंज्याला दत्ताचं दर्शन घेऊन परतणारं कुटुंब. त्याचं काम इथंच असतं, म्हणून तो नेरला पुन्हा येणारच. तुझ्याच दारी यावा, एवढंच आपल्याला बघायचं.

मी पाहुणे ठेवायला लागले, त्या पहिल्याच वर्षी एक पोरगी आली, नोकरीच्या कामानं, एकटी. मी आपली मायेनं विचारत सुटले. आडनाव काय, मूळ गाव कोणतं, लग्न झालं का, घरचे एकटीला पाठवतात कसे? वर नको नको म्हणताना ताटात तिसरी भाकर. बिचारी हसून उत्तरं देत राहिली. पुढच्या महिन्यात बाजारात दिसली, तेव्हा कळलं की ती दुसरीकडे उतरली होती. माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं तिनं. सोयऱ्याला आग्रह गोड लागतो वं, पैसे मोजून झोपायला आलेल्याला त्याचाच जाच होतो. आणि आडनाव विचारून आपण काय चाचपतो, ते तुला-मला ठाऊक आहे.

तेव्हापासून रजिस्टरला लागतं तेवढंच विचारते. नाव, पत्ता, ओळखपत्र. पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते, ती विसरू नको.

बोलणं कमी केलं की हात मोकळे होतात. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो, तर कूलरची टाकी संध्याकाळीच भरून ठेव, खोलीत माठ ठेव, लाइट गेली तर निदान पंखा चालेल एवढा इन्व्हर्टर घे. दाराला आतून धड कडी बसव. एकटी बाई आधी तीच पाहते. न्याहारीला पोहे, सांजा, कोणी मागितलं तर चून-भाकर. ठेचा मात्र वेगळ्या वाटीत, सगळ्यांना आपलं तिखट झेपत नाही.

पैशाचं म्हणशील तर व्यवसाय तुझ्या नावावर कर. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणात बायकांच्या अशा व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळतं, १२ टक्क्यांच्या मर्यादेत. पर्यटन संचालनालयात अटी नीट विचार, मगच बँकेत जा.

आणि एक प्रश्न मात्र रात्री न चुकता विचारायचा: “सकाळी किती वाजता निघायचं?” सहा म्हणाले, तर साडेपाचला चहाचं आधण. दार वाजवायचं नाही, वास जातोच वर.

बँकेचे एक साहेब चार वर्षं येताहेत. त्यांची मुलंबाळं किती, मला अजून माहीत नाही. फोनवर एवढंच म्हणतात, “ताई, परवा येतो. सकाळी सहाची गाडी आहे.”